भराव, भारमुक्ती आणि मऊ मातीचा हिशेब

खाडीकाठच्या कामांवर एक दृश्य नेहमीचं आहे. न्हावाशेवाच्या बंदर परिसरात किंवा ठाणे खाडीच्या कडेला एखाद्या मोठ्या यार्डाची जागा तयार होत असते. आधी चिखलात हजारो पांढऱ्या पट्ट्या उभ्या खुपसल्या जातात, त्यांवर वाळूचा किंवा खडीचा थर पडतो आणि त्यावर मुरुमाचा चार-पाच मीटर उंच भराव. मग सगळं थांबतं. काही महिने तिथे कुणी काही बांधत नाही. सर्व्हेअर येतो, भरावात रोवलेल्या सळयांच्या पातळ्या मोजतो आणि वहीत मांडून निघून जातो. शेवटी भरावाचा वरचा भाग पुन्हा डंपरमध्ये भरून दुसरीकडे नेला जातो. डिझेल जाळून माती आणायची आणि डिझेल जाळूनच ती परत न्यायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा प्रश्न डंपरच्या ड्रायव्हरला पडतो तसाच बिलं तपासणाऱ्यालाही पडतो.

उत्तर थोडक्यात देता येतं. मऊ चिकणमाती भार आल्यावर ज्या वाटेनं दबते, त्या वाटेनं भार काढल्यावर परत येत नाही. कापसाची गादी वर्षभर अंगाखाली चेपली गेली की उठल्यावर जेमतेम बोटभर फुगते. पूर्वीची व्हायला ती पिंजाऱ्याकडेच द्यावी लागते. खाडीची माती तशीच वागते, फक्त तिचा पिंजारी कुणी नसतो. हे वागणं आकड्यांत कसं मांडायचं, कुठल्या मांडणीवर किती विश्वास ठेवायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

आकड्यांत म्हणजे कसं, ते इथेच एकदा पाहून घेऊ. समजा, १० मीटर जाडीचा मऊ मातीचा थर आहे आणि पाण्याची पातळी जमिनीलगत आहे. मातीचं पोकळी-गुणोत्तर २, म्हणजे कणांनी जेवढी जागा व्यापली आहे त्याच्या दुप्पट जागा पाण्यानं अडवली आहे. आपल्या किनाऱ्यावर अशी माती दुर्मीळ नाही. तिचा दबण्याचा निर्देशांक ०.९ धरू आणि भार काढताना किंवा पुन्हा देताना लागू होणारा निर्देशांक त्याच्या एक दशांश, ०.०९. थराच्या मध्यावर कणांवर आधीच असलेला ताण साधारण २५ किलोपास्कल येतो. त्यावर ३ मीटरचा, म्हणजे सुमारे ६० किलोपास्कलचा भराव टाकला तर हा थर शेवटी १.६ मीटर बसतो. भराव साडेचार मीटर केला, म्हणजे भार ९० किलोपास्कलवर नेला, तर तो २ मीटर बसतो. (भराव खचून पाण्याखाली गेला की त्याचं वजन थोडं कमी होतं. तो हिशेब इथे सोडला आहे, तिसऱ्या प्रकरणात सोडलेला नाही.) आता वरचा दीड मीटर मुरूम काढून घ्या. जमीन किती वर येईल? जेमतेम ४ सेंटिमीटर. पुढे तेवढाच ३० किलोपास्कलचा भार कंटेनरच्या चळतींच्या रूपानं परत आला, तर ती पुन्हा तेवढेच ४ सेंटिमीटर बसेल. जादा भरावाचा हा सोपस्कार केलाच नसता, तर त्याच कंटेनरखाली तीच जमीन जवळजवळ ४० सेंटिमीटर खाली गेली असती, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. क्रेनच्या रुळांखाली एका टोकाला दहा आणि दुसऱ्या टोकाला चाळीस सेंटिमीटर म्हणजे काय, ते यार्ड चालवणाऱ्याला विचारावं.

चाळीसाचे चार झाले ते भारमुक्तीच्या रेषेमुळे. आमच्या धंद्यात भार चढतानाच्या रेषेवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि उतरतानाच्या रेषेला दोन ओळी मिळतात. माझी मुख्य तक्रार हीच आहे आणि हे पुस्तक लिहिण्याचं कारणही तेच.

ही रेषा मिळते कुठून? प्रयोगशाळेतल्या एका साध्या यंत्रातून. पितळी किंवा स्टीलच्या कड्यात ६० मिलिमीटर व्यासाची, २० मिलिमीटर जाडीची मातीची चकती बसवतात. वर-खाली सच्छिद्र दगड, भोवती पाणी, वर तरफेला टांगलेली वजनं. वजन टाकलं की डायल गेजचा काटा पळायला लागतो. पंधरा सेकंदांनी, मग एका मिनिटानं, चार मिनिटांनी, तासानं असं वाचन चालतं. चोवीस तासांनी वजन दुप्पट. २५, ५०, १००, २००, ४०० किलोपास्कल अशा पायऱ्या चढत आठवडा सहज जातो. मग वजनं उतरवायला सुरुवात होते, चकती पाणी परत ओढून घेऊ लागते आणि काटा अगदी सावकाश उलटा फिरतो. नेमकं इथेच पाणी मुरतं. यंत्र अडकून पडतं, पुढची सॅम्पलं रांगेत असतात, साइटवरून रोज फोन येतात. मग भारमुक्तीचं वाचन घाईत उरकलं जातं किंवा अहवालात ‘निर्देशांक दबण्याच्या एक दशांश धरला’ एवढं टाकून मोकळं होतात. मीही वर उदाहरणापुरता एक दशांशच धरला. प्रत्यक्षात तो एक पंचमांशही निघतो, आणि मग वरचे ४ सेंटिमीटर ८ होतात. रुळांसाठी हा फरक लहान नाही.

या यंत्रामागची कल्पना कार्ल तेर्झागी यांची. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इस्तंबूलला शिकवायला गेले आणि तिथेच, हाताशी असलेल्या साध्या साहित्यातून त्यांनी मातीवरचे प्रयोग उभे केले. १९२३ मध्ये त्यांनी माती दबण्याच्या वेगाचं समीकरण मांडलं आणि १९२५ मध्ये ‘एर्डबाउमेखानिक’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची मूळ सूचना अशी की, मातीवरचा भार दोघं वाटून घेतात, कणांचा सांगाडा आणि मधलं पाणी. नवा भार आला की तो आधी पाण्याच्या डोक्यावर बसतो. पाणी वाट काढत बाहेर पडतं तसतसा तो कणांकडे सरकतो आणि माती दबते ती कणांकडे आलेल्या वाट्यामुळेच. वर काहीही न बांधता, नुसतं जमिनीतलं पाणी उपसलं तरी कणांचा वाटा वाढतो. मेक्सिको सिटीनं ही गोष्ट फार महागात शिकून घेतली. जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेलं ते शहर विहिरींतून पाणी उपसत राहिलं आणि खचत गेलं. काही भागांत तर ९ मीटरहून अधिक. नाबोर कारिल्यो यांनी १९४०च्या दशकात उपसा आणि खचणं यांचा संबंध गणितानं मांडून दाखवला. १९१० मध्ये उभारलेला तिथला स्वातंत्र्यस्तंभ खोल पायावर असल्यानं जागीच राहिला, भोवतालचा रस्ता मात्र खाली गेला आणि स्तंभापर्यंत पोचायला नंतर १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

वेळेचा हिशेबही तेर्झागींच्याच समीकरणातून येतो आणि विद्यार्थ्यांना तो पहिल्यांदा खोटाच वाटतो. पाण्याला बाहेर पडायला जेवढं अंतर कापावं लागतं, त्याच्या वर्गाच्या पटीत वेळ लागतो. कड्यातल्या चकतीत हे अंतर १० मिलिमीटर. वर-खाली दोन्हीकडे निचरा असलेल्या आपल्या १० मीटरच्या थरात ते ५ मीटर, म्हणजे पाचशे पट. वेळ अडीच लाख पट. जी माती प्रयोगशाळेत पाऊण तासात नव्वद टक्के दबते, तिला जागेवर २१ वर्षं लागतात. खाली कातळ असला आणि पाणी फक्त वरूनच जाऊ शकलं तर ८५. त्या पांढऱ्या पट्ट्या यासाठी असतात. सुमारे १०० मिलिमीटर रुंद, बोटापेक्षाही पातळ, आत प्लॅस्टिकची पन्हळी पट्टी आणि बाहेर गाळणीचं कापड. मीटर-दीड मीटरवर एकेक रोवली की पाण्याला आडवं जेमतेम अर्धा-पाऊण मीटर जावं लागतं आणि वर्षांचं काम महिन्यांवर येतं.

इथवरचा सगळा हिशेब एका दिशेतला, वर-खाली. मोठ्या भरावाच्या मध्यभागी तो चालतो. भरावाच्या कडेला मात्र माती नुसती दबत नाही, बाजूला सरकते. उतार घसरतो, शेजारचा नाला वर उचलला जातो. तिथे दाब आणि कातर या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. १९५८ मध्ये केंब्रिजचे रॉस्को, स्कोफिल्ड आणि रॉथ यांनी तो नीट मांडला आणि पुढच्या दशकात त्यातून ‘कॅम-क्ले’ हे प्रतिमान तयार झालं. नाव केंब्रिजच्या कॅम नदीवरून घेतलेलं असलं तरी अशी माती नदीत सापडणार नाही, ती कागदावरची माती आहे. १९६८ मध्ये रॉस्को आणि जॉन बर्लंड यांनी तिची सुधारित आवृत्ती दिली. आज जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तीच किंवा तिचं एखादं भावंड असतं.

या प्रतिमानाची ताकद त्याच्या काटकसरीत आहे. एका अक्षावर मातीच्या कणांवरचा सरासरी दाब घ्या, दुसऱ्यावर कातर ताण. त्या कागदावर एक लंबवर्तुळ काढा. त्याचा आकार ठरतो मातीनं आजवर सोसलेल्या सर्वांत मोठ्या दाबावरून. ताणाचा बिंदू लंबवर्तुळाच्या आत आहे तोवर माती ताठ वागते, थोडी दबते, थोडी फुगते, भार काढला की जवळपास पूर्ववत होते. भारमुक्तीची रेषा ती हीच. बिंदू कडेला टेकून बाहेर ढकलू लागला की लंबवर्तुळच मोठं होत जातं आणि माती भराभर, कायमची दबते. भार काढल्यावर बिंदू आत परततो, लंबवर्तुळ मात्र वाढलेलं ते वाढलेलंच राहतं. जादा भरावाची सगळी किमया या चित्रात आहे. आपण दीड मीटर मुरुमानं ते लंबवर्तुळ वाढवून ठेवतो आणि पुढे कंटेनरना त्याच्या आतच वावरू देतो. यासाठी लागणारे आकडे पाचच. दबण्याचा उतार, फुगण्याचा उतार, घर्षणाचा एक, पोकळीचा एक आणि ताठपणाचा एक. पहिले दोन त्या कड्याच्या चाचणीतूनच येतात.

गणित सुबक आहे म्हणून ते खरं मानायचं, असा मोह इथे फार होतो. सुधारित कॅम-क्लेमध्ये भार उतरण्याची आणि पुन्हा चढण्याची रेषा एकच असते. खऱ्या मातीत दोन्हींमध्ये फट राहते, वळसा तयार होतो आणि प्रत्येक फेरीत थोडं खचणं शिल्लक उरतं. साठवणीच्या टाक्या भरतात-रिकाम्या होतात, रस्त्यावरून ट्रक जात राहतात, तिथे हे शिल्लक खचणंच डोकेदुखी होतं आणि साधं प्रतिमान त्याचा पत्ताही लागू देत नाही. दुसरी उणीव वेळेची. पाणी निघून गेल्यावरही मऊ माती वर्षानुवर्षं संथपणे बसत राहते. नॉर्वेच्या ड्रामेन शहरातल्या इमारतींच्या नोंदी घेऊन लाउरिट्स ब्येरुम यांनी १९६७ मध्ये हे फार स्पष्ट दाखवलं. त्यांच्या मांडणीतून निघालेली, काळ हिशेबात धरणारी प्रतिमानं पाचव्या प्रकरणात आहेत.

तरीही साध्या प्रतिमानाला कमी लेखू नये. पिसाचा मनोरा कलण्यासाठी प्रसिद्ध आहे. मला त्याच्या बांधकामातल्या खंडांचं जास्त कौतुक वाटतं. ११७३ मध्ये काम सुरू झालं आणि पाचेक वर्षांत, जेमतेम निम्मा मनोरा होण्याआधीच, थांबलं. पुन्हा सुरू व्हायला १२७२ उजाडलं. १२७८ च्या सुमारास पुन्हा खंड, आणि वरचं घंटाघर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. या खंडांत खालची चिकणमाती दबली, पाणी सोडत गेली, मजबूत झाली. एका दमात बांधला असता तर मनोरा पूर्ण होण्याआधीच आडवा झाला असता, असं पुढच्या अभ्यासातून दिसलं. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करून इटलीनं तज्ज्ञांची समिती नेमली, तिच्यात सुधारित कॅम-क्लेवाले बर्लंड होते. मनोरा दक्षिणेकडे कललेला. म्हणून १९९३ मध्ये उत्तरेच्या बाजूवर सुमारे ६०० टन शिशाची वजनं ठेवली. कलणं थांबलं, किंचित मागेही आलं. मग खरं धाडस. उत्तर बाजूच्या पायाखालून तिरक्या बरम्यांनी थोडी थोडी माती काढायची. संगणकावरच्या अभ्यासानं आधीच बजावलं होतं की, पायाखालच्या एका ठरावीक रेषेच्या उत्तरेलाच माती काढली तर मनोरा सरळ होईल. ती रेषा ओलांडली तर दक्षिणेची बाजू आणखी दबेल. वापरलेलं प्रतिमान होतं कॅम-क्लेच्या घराण्यातलं. सुमारे ३८ घनमीटर माती निघाली, मनोरा अर्धा अंश मागे आला आणि डिसेंबर २००१ मध्ये दारं पुन्हा उघडली.

याच्या उलट उदाहरण सिंगापूरचं. २० एप्रिल २००४ रोजी तिथल्या मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी निकोल हायवेलगत खोदलेला सुमारे ३० मीटर खोल खड्डा कोसळला आणि चार माणसं गेली. खोदकाम म्हणजे भारमुक्तीच, आणि तीही समुद्री चिकणमातीतली. चौकशीत दोन मोठे दोष निघाले. एक, आधाराच्या आडव्या तुळया आणि भिंतीलगतच्या तुळया यांचे सांधे कमी ताकदीचे होते. दुसरा आमच्या विषयाचा. खोदकामाच्या विश्लेषणात माती नापास होईपर्यंत लवचीक, अशी साधी कल्पना धरून निचरा झालेल्या अवस्थेचे ताकदीचे आकडे निचरा न होणाऱ्या अवस्थेला लावले होते. मऊ मातीत कातर वाढला की पाण्याचा दाब वाढतो, कणांवरचा दाब घटतो आणि ताकद उतरते. त्या प्रतिमानाला हे ठाऊकच नव्हतं. त्यामुळे संगणकानं मातीची ताकद जास्त दाखवली, भिंत प्रत्यक्षात वाकली त्यापेक्षा कमी वाकेल असं सांगितलं. बटण दाबल्यावर रंगीत नकाशा आला आणि तो खरा मानला गेला. सातव्या प्रकरणात हा हिशेब हातानं करून दाखवला आहे, आणि तो वाचकानं एकदा तरी स्वतः करावा असा माझा आग्रह आहे.

सॉफ्टवेअरशी माझं वैर नाही. आज आपल्याकडच्या बहुतेक कन्सल्टंटच्या संगणकात असलेलं प्लॅक्सिस मुळात १९८७ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात जन्मलं ते तिथल्या मऊ जमिनीवरच्या नदीच्या बांधांसाठीच. ज्यांच्या पायाखालची जमीनच समुद्रसपाटीच्या खाली, त्यांनी हे साधन बनवावं हे साहजिक आहे. पण त्यात मातीचं प्रतिमान निवडण्याची यादी उघडते आणि नवा इंजिनिअर सवयीनं पहिलंच नाव निवडतो, तिथे माझी हरकत आहे. म्हणून या पुस्तकात प्रत्येक प्रतिमान आधी कागदावर, एका चकतीसाठी, मग दोन थरांसाठी आणि शेवटी संगणकावर, अशा क्रमानं येतं.

पुस्तक कुणासाठी, हे सांगायला हवं. पदविका किंवा पदवी झालेला, साइटवर दोन-चार पावसाळे काढलेला इंजिनिअर डोळ्यासमोर आहे. लॉगरिदम आणि थोडं कलनशास्त्र आठवत असलं की पुरे. काळ्या मातीबद्दल इथे काही मिळणार नाही, हेही आत्ताच सांगतो, कारण देशावरचा आणि विदर्भातला वाचक तिच्यासाठीच पुस्तक उघडेल. काळी माती फुगते-आकसते ती मुख्यतः पावसानं आणि उन्हानं. तिच्या पोकळीत पाण्याबरोबर हवाही असते आणि तिचं शास्त्र वेगळ्या पायावर उभं आहे. इथली माती कायम पाण्यानं गच्च भरलेली आहे. कोकणपट्टी, मुंबई, गोव्याच्या खाजण जमिनी, कोचीची खाडी इथे काम करणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल.

वाचकाकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी मऊ मातीचा अहवाल टेबलावर आला की सुरुवातीचा गोषवारा बाजूला ठेवा आणि चाचणीचे आलेख काढा. भार मधेच उतरवून पुन्हा चढवल्याचा वळसा त्यात आहे का, ते पाहा. सॅम्पल किती खोलीवरून, कुठल्या नळीनं काढलं आणि कड्यात बसवण्याआधी किती दिवस पडून होतं, तेही पाहा. हलवलेल्या मातीची चाचणी कितीही काटेकोर केली तरी जमिनीतली माती कळत नाही. वळसा नसेल तर अहवालावर सही करू नका, परत पाठवा. चाचणीचे दोन-चार दिवस वाढतील, ते वाढू द्या.